एकोणतीस टक्के क्लच

डॉक्टरकाकांनी बाबांना एकच सूचना दिली होती. ती म्हणजे काही करायचं नाही.

"गाडी तुमच्या आवारात नुसती उभी राहू दे," ते म्हणाले. "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू करायचं आणि बंद करायचं. बस. महिन्याभरात मी आलोच."

डॉक्टरकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, हाडांचे डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे बदलता बदलता त्यांचे स्वतःचे गुडघे असे झाले होते की त्या बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये बसायला त्यांना दोन मिनिटं लागत आणि उतरायला दोन माणसं. म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती. एका कारखानदारांशी बोलणं झालं होतं. डॉक्टरकाका मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन आले की ठरलेल्या शनिवारी गाडी कारखानदारांच्या आवारात पोचवायची. अट एकच, त्या दिवशी क्लच किमान पंचवीस टक्के शिल्लक हवा. निघताना तो अठ्ठावन्न टक्के होता. तसा शिक्क्याचा कागद किल्लीबरोबर आमच्याकडे आला. डॉक्टरकाकांच्या तळघरात नेमकं तेव्हाच गळतीचं काम निघालं नसतं, तर गाडीही आमच्याकडे आली नसती आणि मला हे लिहावं लागलं नसतं.

बाबा निवृत्त ग्रंथपाल. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना पुस्तकं देताना "जसं नेताय तसं परत आणा" हे वाक्य ऐकवलं. पान दुमडणारा माणूस त्यांच्या जन्मभर लक्षात राहतो. अशा माणसाला कुणी एवढी वस्तू सांभाळायला द्यावी आणि वर काही करू नका म्हणावं, हे त्या वस्तूच्या दृष्टीने फार धोक्याचं असतं. पण ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

गाडी आली तो क्षण मला नीट आठवतो. ती बाबांच्या कमरेइतकीच उंच होती. आवारातल्या बाकीच्या गाड्यांच्या रांगेत ती उभी राहिली आणि बाकीच्या सगळ्या एकदम कपाटांसारख्या दिसायला लागल्या. डॉक्टरकाकांनी जाताना एकदा इंजिन चालू करून दाखवलं, तेव्हा पहिल्या मजल्यावर आमच्या फडताळातल्या बश्या किणकिणल्या. आई खिडकीतून खाली बघत राहिली. आईला एखाद्या यंत्राकडे तसं बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मी बश्यांच्या मध्ये कागद घालून ठेवते."

मी आत वाकून पाहिलं तर पेडल दोनच. क्लच आहे, पण क्लचचं पेडल नाही. क्लच साधाच, कुठल्याही गाडीत असतो तसा. फक्त तो दाबायचं आणि सोडायचं काम माणसाच्या पायाऐवजी गाडीचा संगणक करतो आणि तो किती झिजला याचा हिशेबही ठेवतो. माझा त्या गाडीबद्दलचा आदर तिथेच दुप्पट झाला. कारण झीज हा माझा विषय आहे. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे आणि एका प्रयोगशाळेत बुटांच्या तळव्यांची झीज मोजते. लोक हसतात. पण एक तळवा किती पावलांत किती झिजतो हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगणाऱ्या माणसाला आमच्या क्षेत्रात मान आहे.

पहिला प्रश्न उन्हाचा निघाला. आमचं आवार उघडं आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका हात मागे बांधून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "हा रंग उन्हाला टिकणार नाही हो. महिन्याभरात विटेल." काकांचा रंगाशी संबंध एवढाच की त्यांच्या घराला गेली अकरा वर्षं तो लागलेला नाही. पण बाबांचा चेहरा उतरला.

"आच्छादन घालू," मी म्हणाले.

"आच्छादनाने चरे पडतात," काका म्हणाले. "वाऱ्याने कापड घासतं ना."

घासतं म्हटल्यावर मला बोलायला जागा राहिली नाही. आवारात सावली होती, पण ती जिन्याच्या मनोऱ्याची. सकाळी ती एका भिंतीशी असायची आणि संध्याकाळी दुसऱ्या. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी छतावरून मनोऱ्याची उंची मोजली, सूर्याचा कोन काढला आणि एक वेळापत्रक तयार केलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून संध्याकाळी चार चाळीसपर्यंत गाडी अकरा वेळा, प्रत्येक वेळी साधारण साठ सेंटिमीटर, मागे सरकवायची. असं केलं तर रंगाला ऊन लागणारच नाही. वेळापत्रक फ्रिजवर लागलं. ते खरोखर सुंदर दिसत होतं. बाबा दिवसभर घरीच असत. त्यांनी घड्याळ लावलं आणि कामाला लागले. रविवारी मी सरकवत असे.

आवाराला उतार होता आणि मागे म्हणजे चढावर, हे मी वेळापत्रकात तळटीप म्हणून लिहिलं होतं.

दुसरा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढला. गाडी पाहुण्यांच्या जागेत उभी होती आणि पाहुण्यांच्या जागेत कुठलंही वाहन चोवीस तासांपेक्षा जास्त उभं करता येत नाही.

"नियम मी केलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मी फक्त लिहिलेला आहे."

"मग आता काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"रोज एकदा गेटाबाहेर न्यायची, परत आणायची. परत आली की नवीन पाहुणा. मी वहीत तशी नोंद करीन."

गेटापाशी रस्त्याला मिळणारा छोटा चढ आहे. सरळ गेलं तर गाडीचं नाक घासायचं. म्हणून बाबा तो चढ रोज सकाळी उलटे चढत, गोगलगाईच्या गतीने, काका मागे उभे राहून हातवारे करत असताना. "हळू. अजून हळू. रेस देऊ नका. अंगठ्याने दाबा, तळव्याने नको." आल्यावर बाबा घामाघूम होऊन गाडीचं दार इतकं हलकेच लावत की ते लागतच नसे.

तिसरा प्रश्न माणुसकीचा होता. इमारतीतल्या प्रत्येकाला एकदा त्या गाडीत बसायचं होतं. बाबांना नाही म्हणता येत नाही. ते शेजारच्या सीटवर एकेकाला बसवून आवारातल्या आवारात एक फेरी मारत, माणूस चालतो त्याहून हळू. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उतरल्यावर म्हणाल्या, "पाळण्यात बसल्यासारखं वाटलं." बाबा आठवडाभर त्या वाक्यावर खूश होते.

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. हळू चालणाऱ्या माणसाचा तळवा धावणाऱ्यापेक्षा जास्त टिकतो, हे मी स्वतः मोजलेलं आहे.

सव्विसाव्या दिवशी, सोमवारी दुपारी (मी त्या आठवड्यात रजेवर होते), आई म्हणाली, "कुणाच्या तरी इस्त्रीखाली काहीतरी राहिलंय." आम्ही सगळ्या खिडक्यांतून वास घेतला. वास खालून येत होता. बाबा दोन वाजून पाच मिनिटांची सरकवणूक आटपून गाडीजवळ उभे होते. मागच्या भागातून निळसर धूर निघत होता, अगदी थोडा, उदबत्तीइतका.

डॉक्टरकाका ज्या वर्कशॉपमध्ये गाडी नेत, तिथला मेकॅनिक संध्याकाळी आला. शांत माणूस. त्याने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, आकडा वाचला, यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा जोडलं.

"कागदावर अठ्ठावन्न होता ना?"

"हो."

"एकोणतीस आहे."

बाबांनी शिक्क्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"चालवली किती?" त्याने विचारलं.

"चालवली नाही," बाबा म्हणाले. "सावलीत ठेवली."

मग मी त्याला वर नेऊन वेळापत्रक दाखवलं. ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत तळटिपेसकट वाचलं. खिशातून फोन काढून त्याचा फोटो घेतला. "वर्कशॉपमध्ये लावतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, हे जास्त लागलं.

क्लच म्हणजे नेमकं काय, हे त्याने मला आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन बश्या घेऊन समजावलं. एक बशी म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारं इंजिन. दुसरी जागेवर उभ्या असलेल्या चाकांची. दोघींना एकत्र आणायचं आहे. पूर्ण वेगळ्या आहेत तोवर झीज नाही. घट्ट चिकटल्या की एकत्र फिरतात, तेव्हाही झीज नाही, मग वेग कितीही असो. झीज फक्त मधल्या क्षणात, एक फिरतेय आणि दुसरी अजून फिरत नाही तेव्हा, घसरताना. तो क्षण जितका लांबवाल तितकी झीज. "तुम्ही सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला, "सव्वीस दिवस फक्त तो क्षणच चालवलात."

त्या बश्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. शरम वाटत होती हे खरं आहे. पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणारी वस्तू तीनशेने धावताना झिजत नव्हती आणि साठ सेंटिमीटर मागे जाताना जळत होती. इतकं नीट काहीतरी मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

नवीन क्लच परदेशातून यायला चार महिने लागणार होते. शनिवार पाच दिवसांवर होता. गाडी ट्रकवर घालून न्यावी म्हणून मंगळवारी ट्रक बोलावला. तो गेटाच्या कमानीतून आत येईना. रस्त्यावर उभा केला तर चढ आणि त्याची फळी यांचा मिळून असा कोन झाला की गाडी मधोमध पोटावर टेकली असती. ट्रकवाला पाया पडल्यासारखे हात जोडून निघून गेला. म्हणजे कारखानदारांच्या आवारापर्यंतचे अकरा किलोमीटर गाडीने स्वतःच जायचं होतं, चार टक्क्यांत.

मी हिशेब केला. अकरा वेळा सरकवणं गुणिले सव्वीस दिवस, म्हणजे दोनशे शहाऐंशी. गेटाबाहेर जाणं आणि येणं, बावन्न. शेजाऱ्यांच्या फेऱ्या एकवीस. एकूण तीनशे एकोणसाठ वेळा गाडी जागेवरून हलली आणि एकोणतीस टक्के गेले. या दराने चार टक्क्यांत एकोणपन्नास वेळा सुटता येईल. मग मी त्याच रस्त्याने बसने गेले आणि बस किती वेळा थांबून सुटते ते मोजलं. त्रेसष्ट.

बाबांनी त्या संध्याकाळी डॉक्टरकाकांना फोन लावला. मी शेजारीच होते. आवाज मोठा ठेवला होता, कारण बाबा फोन कानाला लावायला तयार नव्हते.

"डॉक्टर, मी पान दुमडलंय," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"क्लच. एकोणतीस टक्के."

"राहिलेत की गेलेत?"

"दोन्ही."

पलीकडे बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.  मग डॉक्टरकाका म्हणाले, "पंचवीसच्या खाली ते घेणार नाहीत. बोलूनच ठरलंय." आणि मग, "बघू."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "पन्नास वर्षांत तो मला कधी बघू म्हणाला नव्हता." मग ते जेवले नाहीत. गाडी विकली जाते की नाही, एवढाच प्रश्न असता तर एक वेळ निभावलं असतं. प्रश्न त्या 'बघू'चा होता.

आई म्हणाली, "मी ताईला बोलावते."

बाबांनी मान वर केली. "तिला नको."

ताई म्हणजे आईची मोठी बहीण, माझी मावशी. ती एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. गाडी एकच, लहान, पांढरी, दोन्ही बाजूंना पेडलं असलेली. बाबा तिच्याकडेच गाडी शिकले होते आणि शिकताना त्यांनी तिची एक अख्खी क्लचप्लेट जाळली होती. ती गोष्ट मावशी प्रत्येक कौटुंबिक कार्यात सांगते, कधीकधी नवऱ्यामुलाकडच्या लोकांनाही.

बुधवारी सकाळी ती आली. गाडीभोवती फिरली नाही. सरळ आत जाऊन बसली आणि डावा पाय लांब करून पेडल शोधलं. तिथे काहीच नव्हतं. पाय थोडा वेळ हवेत तसाच राहिला.

"याचा क्लच कोण दाबतं?"

"संगणक," मी म्हणाले.

"आणि त्याला कसं कळतं कधी सोडायचा?"

"आपण ॲक्सिलरेटर किती दाबतो त्यावरून."

ती हसली. त्या आठवड्यात आमच्या घरात हसलेली ती पहिली व्यक्ती. "म्हणजे शिकाऊ आहे की. मी एकतीस वर्षं दुसऱ्याच्या पायाखालचा क्लच वाचवतेय. हे माझंच काम आहे." मग खिडकीतून बाबांकडे बघून, "भाऊजी, तुम्ही याला काय सांगत होता?"

"मी काही सांगत नव्हतो. हळूच दाबत होतो."

"तेच. अर्धवट सांगितलंत, त्याने अर्धवट केलं. बिचारं वाट बघत राहिलं तुमचं मन कधी ठरतंय त्याची. जायचंय का? थोडं जायचंय. थांबायचंय का? थोडं थांबायचंय. मन ठरेपर्यंत ते जळत बसलं."

 मी माझा एकोणपन्नासचा हिशेब तिच्यासमोर ठेवला. तिने तो लक्ष देऊन वाचला, तिला आकड्यांची भीती नाही.

"छान आहे. पण तू प्रत्येक वेळचं सुटणं सारखंच धरलंस."

"सरासरी काढलीय."

"घाबरलेल्या माणसांची सरासरी काढलीस," ती म्हणाली.

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी ती स्कूटरवरून तो रस्ता तीनदा फिरली, सहाला, सातला आणि आठला. संध्याकाळी तिने मला एक कागद दाखवला. चौदा सिग्नल, प्रत्येकाचे लालचे सेकंद, कुठे दूध टाकणारी गाडी उभी असते, कुठल्या वळणावर शाळेची बस थांबते, पुलाच्या चढावर पुढचं किती दूरवर दिसतं. माझं वेळापत्रक सूर्यावरून केलेलं होतं. हिचं माणसांवरून. मी तिला एवढंच विचारलं की गाडी अकराला द्यायची आहे तर ती सकाळी सातची तयारी का करतेय.

"अकराला पोचायचं म्हणून अकराला का पोचायचं? आठला जाऊन बसू. मी डबा आणते."

शनिवारी सात वाजता आम्ही निघालो. गाडीत जागा दोघांचीच. मावशी चालवायला आणि मी शेजारी, मेकॅनिककडून मागून घेतलेलं यंत्र मांडीवर. डॉक्टरकाका आदल्या रात्रीच आले होते. ते आणि आईबाबा टॅक्सीने मागे येणार होते. बाबांनी आणि डॉक्टरकाकांनी एकमेकांना नमस्कार केला, आणि दोघेही टॅक्सीच्या दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसले.

गेटाचा चढ. काका गॅलरीतून म्हणाले, "हळू हं." मावशीने आरशात मागे पाहिलं, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली, आणि एकदाच, स्पष्ट दाबलं. गाडी उलटी वर गेली आणि रस्त्यावर होती. मधे काही घडलंच नाही. मला वाटलं माझ्याकडून एक क्षण पाहायचा राहिला.

पुढची वीस मिनिटं मी कशी सांगू ते मला कळत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसलं नसतं. ती लाल सिग्नल दोनशे मीटर आधी बघायची आणि तिथूनच वेग सोडायची, त्यामुळे आम्ही तिथे पोचायच्या वेळी तो हिरवा झालेला असायचा. थांबावंच लागलं तर लगेच गिअर काढून टाकायची. पुढची रांग दोन हात सरकली तरी ती सरकायची नाही. मागचे हॉर्न वाजवायचे. "वाजवू दे," ती म्हणायची, "त्यांचा क्लच त्यांच्यापाशी." पुढे चार गाड्यांची जागा झाली की मग एकदा निघायची. तिचा डावा पाय रिकामा होता, पण प्रत्येक वेळी निघताना तो जमिनीवर अगदी हलका उचलला जायचा आणि टेकायचा. मी बघत होते. गाडी नेमकी त्याच क्षणी पकडायची. ती संगणकाला सांगत नव्हती, संगणक तिच्या पायाला पाहू शकत नव्हता, आणि तरी दोघांचं एकदाही चुकलं नाही. मी यंत्राकडे बघायचंच विसरले. प्रयोगशाळेत माझं असं होत नाही.

नऊ सिग्नल झाले. यंत्रावर एकोणतीसच.

"अजून एकोणतीसच आहे," मी म्हणाले.

"मला आकडे सांगू नकोस. तू तुझं यंत्र चालव, मी माझं."

पुलाच्या चढाच्या बरोबर मध्यावर वाहतूक पोलिसाने हात केला. मावशी थांबली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. आमच्यामागे बघता बघता अर्ध्या शहराची रांग लागली. पोलीस खिडकीशी आला. त्याला पार खाली वाकावं लागलं.

"थोडी बाजूला घ्या."

"नाही घेता येणार, साहेब."

"थोडी हो. एक दोन फूट."

"थोडं येत नाही हिला."

तो गोंधळला. मावशीने इंजिन बंद केलं आणि कागदांचं पाकीट त्याच्या हातात दिलं. "कागद बघा. हवं तर सगळे बघा. पण मी इथून एकदाच निघणार आणि पुलाच्या पलीकडे जाऊनच थांबणार. मधे नाही."

"मॅडम, मागे ट्रॅफिक बघा."

"बघतेय. म्हणूनच म्हणतेय, लवकर बघा."

त्याने कागद पाहिले. ते व्यवस्थित होते. गाडीच्या टपावरून एक हात फिरवला आणि त्याला मुळात तेवढंच करायचं होतं हे लगेच कळलं. "इंजिनाचा आवाज ऐकायचा होता," तो जरा लाजून म्हणाला.

"ऐकवते की. पुढचा रस्ता तेवढा रिकामा करून द्या."

तो खरोखर पुढे धावत गेला. पुलाच्या टोकावर दोन्ही हात पसरून त्याने समोरची सगळी वाहनं अडवली. मावशीने इंजिन चालू केलं. आवाज पुलाच्या दोन्ही कठड्यांवर आपटून परत आला. मागचे हॉर्न एकाएकी थांबले. स्कूटरवरची माणसं पाय टेकून बघायला लागली. तिचा डावा पाय उचलला गेला आणि टेकला. आम्ही वर होतो. पोलिसाने सलाम केला, मला वाटतं गाडीला.

यंत्रावर अठ्ठावीस. मी ते मांडीवर पालथं ठेवलं.

कारखानदारांच्या आवारात आम्ही सात अठ्ठेचाळीसला पोचलो. वाटेत एकूण दहा वेळा थांबून निघालो होतो. मावशीने डबा उघडला. टॅक्सी आली. तीन तास आम्ही पाच माणसं एका भिंतीच्या कडेला बसून राहिलो आणि गाडी उन्हात तापत राहिली. कुणीही तिला सावलीत घ्या म्हणालं नाही.

अकराला कारखानदार आणि त्यांचा तपासनीस आले. कारखानदार गोरेगोमटे, मऊ बोलणारे, चपला दाराबाहेर काढून ठेवतील अशा चेहऱ्याचे. तपासनीसाने आपलं यंत्र जोडलं. डॉक्टरकाका काठीवर रेलून उभे होते. बाबा माझ्या दंडाला धरून.

"अठ्ठावीस," तपासनीस म्हणाला.

डॉक्टरकाकांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात न बघता बाबांच्या खांद्यावर ठेवला. तो त्यांनी सह्या होईपर्यंत काढला नाही, त्यामुळे सही करताना त्यांची फार अडचण झाली.

कागद झाले. किल्ली दिली गेली. कारखानदार गाडीत बसले. आवाराच्या टोकाला, चढावर, तिच्यासाठी नवीन शेड बांधलेली होती. त्यांनी इंजिन चालू केलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि एखादं बाळ उचलावं तसं अगदी हलकेच, अंगठ्याने दाबलं. गाडी मुंगीच्या पावलांनी मागे निघाली. थांबली. पुन्हा चार इंच निघाली. आम्ही पाचही जणांनी एकाच वेळी नाकाने श्वास ओढला. इस्त्रीखाली काहीतरी राहिल्याचा वास.

मावशी उठायला लागली. पण बाबा आधीच निघाले होते. ज्या माणसाने पाच दिवसांत मोजकीच वाक्यं उच्चारली होती, तो ते आवार सरळ ओलांडून गेला आणि खिडकीवर टकटक करून खाली वाकला.

"अहो, थांबा. गिअर काढा. हिला जपू नका."

कारखानदारांनी काच पूर्ण खाली घेतली. "आपण कोण? ड्रायव्हर?"

"नाही. ड्रायव्हर त्या, तिकडे डबा घेऊन बसल्यात," बाबा म्हणाले. "पण माझ्यावर विश्वास ठेवा. हिचे एकोणतीस टक्के मी स्वतः घालवलेत, असेच, प्रेमाने."

कारखानदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तपासनीसाकडे, मग मागच्या चढाकडे. गिअर काढला. आणि शेजारच्या सीटवरची कागदांची फाईल उचलून सीटच्या मागे ठेवली.

बाबांनी पलीकडे जाऊन दार उघडलं. त्या गाडीत बसायला त्यांनाही जवळजवळ दोन मिनिटं लागली, पण ते आत गेले. बाहेर ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "आधी ठरवा. कुठे जायचंय ते पूर्ण ठरवा. ठरलं?"

मावशी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. तिने डब्याचं झाकण लावलं नव्हतं.

गाडी एकदाच गर्जली आणि शेडमध्ये होती.